भिंतीपासून किती फूट

रोपवाटिकेतली पोरगी म्हणते, भिंतीपासून आठ फूट सोडा.
कुंडीला टांगलेली चिठ्ठी म्हणते, पाच पुरेत.
चिठ्ठ्या खोटं बोलतात, हे मला
व्हाल्डोस्टातल्या आमच्या अंगणाने शिकवलं,
जिथे बापाने "झुडूपच तर आहे" म्हणत
खिडकीखाली लावलेलं क्रेप मर्टल
बारा वर्षांत पन्हळीला टेकलं.

मग दर फेब्रुवारीत शिडी.
करवतीने खांद्यापासून सगळं छाटायचा,
उरायच्या नुसत्या मुठी.
आई स्वयंपाकघरातून ओरडायची,
"हार्लन, झाड आहे ते, कोंबडी नव्हे!"
तो कशाला ऐकतोय.
उन्हाळ्यात त्याच मुठींतून
छड्यांसारखे लांब, लेचेपेचे फुटवे,
आणि टोकांना एवढे जड गुच्छ
की दुपारची एक गडगडाटी सर आली
की गवतात लोळण.

पण फुलायचं, हेही खरं.
जूनअखेर माणसं एसीच्या पोटात शिरतात,
वाळू तापून अनवाणी पाऊल टाकवत नाही,
तेव्हा ह्याला कलिंगडाच्या गराचा रंग चढतो.
पाकळी चुरगळलेली,
इस्त्री करायची राहून गेल्यासारखी.
पाणी मागत नाही, खत मागत नाही,
सप्टेंबरपर्यंत दम.
मधमाश्या इतक्या, की आईने
कपड्यांची दोरी हलवली.

वाईटही सांगते.
एप्रिल उजाडला तरी नुसत्या काड्या,
नवखा माणूस मेलं समजून उपटायला येतो.
बुंध्याशी कोंब, एक ओढा, दोन फुटतात.
आणि मावा. पानांखालून गोड चिकटा
ठिबकत राहतो, त्यावर काजळी धरते.
एक फांदी कुंपण ओलांडून
क्लिओफस गेन्स यांच्या पांढऱ्या ब्युईकवर गेलेली.
शनिवारी संध्याकाळी ते गाडी धुवायचे,
रविवारी चर्चला निघेस्तोवर
टपावर पुन्हा ठिपके.
नऊ वर्षं दोघांचं बोलणं एवढंच:
"स्टब्स, तुझं झाड."
"गेन्स, तुझी गाडी."

बाप जानेवारीत गेला.
फेब्रुवारीत शिडीची आठवण
आमच्यात कुणी काढली नाही.
त्या वर्षी वाळकी बोंडं फांद्यांवरच राहिली,
आणि पहिल्यांदाच दाणे टिपायला
मळकट पिवळे फिंच पक्षी आले.

मग एका सकाळी गेन्स आले. टोपी हातात.
बापाची करवत मागितली.
आईने दिली, आणि नळ सोडून
सिंककडे तोंड करून उभी राहिली,
म्हणजे ऐकू यायला नको.
मी बाहेर गेले तेव्हा ते उतरतच होते.
एकच फांदी खाली पडलेली. गाडीवरची.
बाकीच्याला हात नाही.
"हार्लन फारच कापायचा," म्हणाले,
पातं विजारीला पुसून करवत परत दिली.

तेव्हापासून ते एका अंगाने वाढलंय.
मुठी होत्या तिथे गाठी,
मोडलेलं हाड वाकडं जुळावं तशा.
साल सुटते ऑगस्टात, तिच्याआड दालचिनी, राख,
आणि मांजराच्या पोटासारखं गुळगुळीत काहीतरी.
आई येता-जाता हात फिरवते.
ह्याबद्दल चिठ्ठीवर अक्षर नाही.

आता माझ्या ढकलगाडीत एक रोप आहे.
माझं अंगण चाळीस बाय तीस.
ट्रॅव्हिसला मॅग्नोलिया हवाय, वर्षभर हिरवा तरी, म्हणतो.
कुंपणापलीकडे कोण राहतं, अजून ठाऊक नाही.
गाडी आहे त्यांची. करडी.

बारा फूट सोडले तर? मी विचारते.
पोरगी खांदे उडवते.
मग काय, झाड होईल ते.