मोज्यात गुंडाळलेली डिस्क

जहाज सप्टेंबरात गेलं. आता जुलैशिवाय यायचं नाही.
जाताना किनाऱ्यावर उतरवून गेलं
पीठ, डिझेल, काडतुसं, दोन खिडक्यांच्या काचा
आणि तुकुम्मेकच्या नावाचं खोकं:
आत लोकरी मोज्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क.

मोजा बहिणीचा. डिस्कही तिनंच भरलेली
नूकमध्ये, रात्रभर जागून.
वाऱ्यानं डिश उपटून नेली, त्याच्या आदल्या आठवड्यात
तुकुम्मेकनं फोनवरून यादी सांगितली होती:
हे हवं. हे ज्याच्यावर उभं आहे ते हवं.
ते ज्याच्यावर, तेही.
आकड्यासकट लिही. चार-दोन-एक. चार-तीन चालणार नाही.
बहीण म्हणाली, यापेक्षा किराणा बरा.

काम तसं लहानच.
खाडीच्या बर्फात पुरलेले सात तापमापक,
त्यांचे आकडे गोळा करून नकाशा काढायचा,
म्हाताऱ्या इनूतेकला दुकानाच्या काचेतून दिसेल असा:
आज स्लेज घालावी की नाही.
रंग तीनच.

डिसेंबर. दुपारीही दिवा.
पडद्यावर एकच ओळ: सापडलं नाही.
ज्याचं नाव आहे ते तिनं कधी ऐकलेलंच नव्हतं.
तिनं ज्याला बोलावलं
त्यानं ज्याला सोबत घेतलं
त्याच्या खिशात असायला हवं होतं ते.

शाळेतला संगणक उघडला. दवाखान्यातला.
दुकानाचा गल्ला मोजणाराही, बाई नको म्हणत असताना.
शेवटी शाळेच्या कपाटात
कोण्या भूगर्भवाल्यानं टाकून दिलेला लॅपटॉप,
त्यात ते होतं, पण सहा वर्षं जुनं,
नव्यांशी बोलायला तयार नसलेलं.

तरी तिनं ते वाचलं. कुणीतरी अनोळखी,
कुठल्या तरी उकाड्याच्या गावी बसून लिहिलेलं.
काम एवढंच, की
तारीख बदलली का ते सांगायचं.

ती हसली. बाहेर पाच आठवडे
तारीख बदलल्याची काही खूण नव्हती.

इनूतेक कुत्र्यांचे पट्टे सोडवत होता.
तेरा कुत्री, तेरा पट्टे, पंख्यासारखे पसरलेले,
धावता धावता एकमेकांत विणले जाणारे.
ओढून सुटत नाही, तो म्हणाला,
हातमोजा काढावाच लागतो.

रात्री (रात्रच होती) तिनं अकरा ओळी लिहिल्या.
त्या अनोळखी माणसाचंच नाव त्यांना दिलं,
म्हणजे वरच्यांना कळू नये
खाली माणूस बदललाय.
मग यादीच्या तळाशी, जुलैच्या जहाजासाठी,
तेच नाव, आकड्यासकट, दोनदा अधोरेखित.

सकाळी काचेत नकाशा. खाडी हिरवी.
इनूतेक बराच वेळ बघत राहिला, मान हलवली,
स्लेज जुंपली,
आणि पहिल्या दहा पावलांवरच उतरून
पहारीनं बर्फ ठोकून पाहिला.

पहार त्याच्या आजोबांची.
लोखंड कुठल्याशा फुटलेल्या जहाजाचं.