उलटा ठसा

पापाच्या तिकटीला माझं फ्रेमचं दुकान.
नावावरून बाहेरगावचे रोज हसतात.
शांतवन सातपुते मास्तर त्या दिवशी हसले नाहीत.
काखेतली गुंडाळी काउंटरवर सोडली, तर आत
गाढवतोंड्या माणूस,
अंगभर खवले, एका पायाला खूर, दुसऱ्याला पंजा,
मागं बुरूज, बुरुजावर निशाण,
निशाणावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन किल्ल्या.
"पोप," मास्तर म्हणाले,
"पाचशे वर्षांमागच्या ठशाची नक्कल.
मिशनच्या बंगल्यात, ट्रंकेच्या तळाशी होती.
काच चांगली घाल, आक्का."

तेवढ्यात पास्कू बार्देस्कर. बेकरीतनं तसेच आलेले,
कोपरापर्यंत मैदा.
त्यांचंही चित्र त्याच मापाचं, तेवढंच पिवळं:
एका झग्यातून निघालेली सात डोकी,
एका डोक्याभोवती गांधीलमाशा घोंघावतायत.
"हे ह्यांचे सुधारक. ह्यालाबी काच."

मग काय.
किल्ल्या पेत्राला दिल्या का न्हाई?
दिल्या. पेत्राला दिल्या, खुर्चीला नाही दिल्या.
आरं, खुर्चीवर माणूसच बसतो की!
माणूस बसतो, म्हणूनच तर म्हणतो.
मग तुमच्यात पुस्तकाचा अर्थ कोण ठरवणार, प्रत्येकजण?
प्रत्येकजण.
म्हणजे डोकी सातच कशी, मोजायला चुकला काय कोरणारा?

मास्तर गादी म्हणाले आणि
चहा घेऊन आलेला पोऱ्या, मापं घेणारा शिकलगारांचा युसूफ,
अंबाबाईची तसबीर न्यायला आलेल्या दोन बायका,
सगळे गप्प झाले.
गादी हा शब्द आमच्याकडं जपून काढतात.
कुणाच्या घरात कुठले मंत्र, आणि ते ठरवणार कोण,
यावरून हे गावही एकदा तापलं होतं.
आज्जा सांगायचा,
सांगताना हात मात्र चालू असायचा, लाकडात.

आज्जा ठसे कोरायचा.
डावं उजवीकडं, उजवं डावीकडं,
अक्षरं पाठमोरी.
कागद उचलल्यावर सुलट दिसेल ते खरं, म्हणायचा,
आणि शाईचा हात धोतराला पुसायचा.

मी काच कापायला चित्रं जवळजवळ ठेवली
तेव्हा दिसलं:
दोन्हीकडं तीच किनार, द्राक्षाची वेल,
खालच्या डाव्या कोपऱ्यात एक पान अर्धं तुटलेलं.
ते पान मी ओळखते.
लहानपणी त्या लाकडावर मी सुपारी फोडली होती,
आणि आज्जानं मारलं नव्हतं,
नुसतं पान चाचपलं होतं अंगठ्यानं.

खालचा खण ओढला.
खिळे, डिंक, जुनी बिलं, आणि ठसा.
ह्याच वेलीत खासबागेतल्या कुस्त्यांची जाहिरात,
ह्याच वेलीत लग्नपत्रिका,
निवडणुकीला दोन्ही गटांची पत्रकं,
एका रात्रीत, एकाच ट्रेडलवर.

दोघांनी चष्मे वर केले.
डोकी इतकी जवळ की मास्तरांच्या बाहीला मैदा लागला.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग पास्कूबाब: "किती घेतलं असंल म्हाताऱ्यानं?"
"आमच्याकडनं जास्तच," मास्तर म्हणाले.
"का म्हणून? आमचा फादर काय फुकट छापत होता?"
आणि पुन्हा सुरू, आता दरावरून.

तीन आठवडे झाले.
चित्रं तयार आहेत, समोरासमोर टांगलीत,
खिळे रिकामे तिथंच होते.
गाढव सात डोक्यांकडं बघतंय.
मास्तर फोन करतात: पास्कू येऊन गेला का?
न्हाई.
मग राहू दे, उद्या बघतो.
तासाभरानं पास्कूबाबचा फोन. तोच प्रश्न.

काल एक पोरगं आईच्या पदराला धरून आलं.
दोन्हीकडं बघितलं, पुन्हा बघितलं.
"ह्यातला राक्षस कुठला ओ?"
मी टेप गुंडाळत होते.
म्हटलं, माप दोन्हीचं एकच हाय बाळा,
बारा बाय सोळा.