शिंपल्याची तावदानं

वास्कोत निगमाच्या कचेरीला
अजून शिंपल्याची तावदानं आहेत.
उजेड आत येतो,
बाहेरचं काही दिसत नाही.

मी दिल्लीहून आले, लेखापरीक्षणाला.
चौथ्या दिवशी सापडला ड्रेजर क्रमांक दोन :
कागदावर ‘कार्यरत’, डिझेल दरमहा,
लॉगबुकात वर्षभराच्या नोंदी
एकाच शाईत, बहुधा एकाच दुपारी.
संचालक मंडळाच्या इतिवृत्तात त्याचं नाव नाही.
चहापानाची वेळ आहे.

भांडारपाल कायतान बार्रेटो,
निवृत्तीला पाच महिने,
म्हणाला, “बाई, ओहोटीला या.”

चिखलीच्या खाडीत
जो गाळ उपसायला आणला
त्याच गाळात कमरेएवढा रुतलेला तो.
बुडाला कालवं. दोन पोरं ती खरवडत होती.
“निगमाची एवढीच उत्पादनवाढ,”
कायतान म्हणाला. हसला नाही.

परिच्छेद चार पूर्णांक सात मी तीनदा लिहिला.
मंत्रालयाचं उत्तर :
‘नोंद घेतली.’

निघताना त्यानं स्वतःची वही दिली.
भरती-ओहोटीच्या तक्त्यांमागे
अकरा वर्षांच्या खऱ्या तारखा, पेन्सिलीत.
मग खिडकीपाशी गेला.
कडी गंजलेली.
दोघांनी मिळून ढकलली,

अर्धीच उघडली.