खुडूक

नाताळाला नऊ दिवस राहिले
आणि तांबडी कोंबडी खुडूक बसली.

बसली ती कुठे,
तर पोरांनी पडवीत भाताचा पेंढा पसरून
गव्हाण मांडलेली, तिच्यातच,
योसेफाच्या पायाशी.
योसेफ मातीचा, गेल्या सालचा,
एक हात फेविकॉलने चिकटवलेला.

उठवायला गेले तर अंग फुगवून कर्रर्र करते.
सासरे म्हणाले, गार पाण्यात बुडव,
खोड जाते.
पहाटेचं पाणी!
हंड्यात बोट घातलं तर
ते बोट माझं राहत नाही.
नाही बुडवली.

जमनाबाई कुंपणावरून ओरडली,
बठेलच शे तं अंडा ठेव खाले.
त्याच सांजेला ठेवली. अकरा.
तिची चार, माझी सात.

या आठवड्यात लाईट रात्रीची.
बारा वाजता तीन फेज येते,
अमोस उठतो, मफलर कानाला गच्च,
गव्हाचं दुसरं पाणी.
बॅटरीचा उजेड बांधाबांधाने सरकतो,
मग तुरीच्या आड जातो
आणि बराच वेळ दिसत नाही.

दिवसा मला खूप कामं.
कपाशीची तिसरी वेचणी,
बोंडांनी बोटं ओरबाडलेली,
खोबरेल बाटलीत गोठून पांढरं,
बाटली चुलीपाशी ठेवायची आणि वाट बघायची.
कुडाच्या भिंतींना चुना.
रूथने निळीची अख्खी पुडी ओतली,
आता आमचं घर रस्त्यावरून
सरकारी दवाखान्यासारखं दिसतं.
काल एक म्हातारी खोकत आली,
पायरीवर बसली.
तिला चहा दिला.

पऱ्हाटीच्या आरावर वांगी टाकली की
धूर आधी घरात फिरतो,
सगळ्यांच्या केसांत जातो,
मग बाहेर.
देवळात रविवारी मागच्या बाकावर बसूनही
कुणाच्या घरी भरीत झालं ते कळतं.

दीर मनश्शे बारडोलीला, ऊसतोडीला.
त्याचा फोन आला, मागे ट्रॅक्टरचा आवाज.
मुकादम म्हणतो चोविसाला दुपारी सोडीन.
सोडलं तर संध्याकाळची गाडी,
खांडबाऱ्याला रात्र होईल.
आणि वहिनी, ती तांबडी ठेव माझ्यासाठी,
रस्सा झणझणीत कर.
मी म्हटलं, हो.
दुसरं काय म्हणणार.
फोनवर कुणाला सांगावं
की तुझा रस्सा अंड्यांवर बसला आहे?

तारा शमुवेलने बनवला.
बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद,
एक कोन लांब झाला, तसाच ठेवला.
आत शंभरचा बल्ब,
कारण पिवळा उजेड त्याच्यातच येतो
असं त्याचं मत.
सासरे खाली उभे राहून सांगतात,
आम्ही कंदील टांगायचो आत.
एकदा पेटला.
लोक म्हणाले, वा, काय तारा आहे.

बारा वाजता मोटरी चालू होतात
आणि तारा एकदम उतरतो,
पिवळ्याचा तांबूस होतो, निखाऱ्यासारखा.
घोंगडीतून मी एक डोळा उघडते.
तांबूस आहे, म्हणजे पाणी चाललं आहे.
मध्येच लख्ख झाला की छातीत धस्स होतं:
फेज गेली, का मोटर जळाली,
का तो अंधारात
स्टार्टरला हात लावतो आहे?

पहाटे येतो. पाय गुडघ्यापर्यंत चिखल,
बोटं पांढरी फटक.
चुलीपुढे बसतो, बोलत नाही.
मी नागलीची भाकर उलटते,
वाफ त्याच्या हातांवर जाऊ देते.
किती झालं?
अर्धं.

रूथला एकच काळजी,
बाळ येशूला ठेवायचं कुठे?
मी म्हटलं, विचार तिलाच.
तिने विचारलं. चोच खाल्ली.
आता बाळ डब्यावर आहे, तांदळाच्या,
रुमालात गुंडाळलेलं.

एकवीस दिवस मोजले,
कॅलेंडरवर सहा जानेवारीला
कोळशाची फुली मारली.
तोवर तारा काढायचा नाही, शमुवेल म्हणतो.
तोवर मनश्शे येऊन परत गेलेला असेल,
वांग्याची भाजी खाऊन, तोंड वाकडं करून.

आत्ता साडेबारा.
तारा तांबूस.
पडवीत ती अंडी पालथी घालते आहे,
एक एक, चोचीने,
पेंढा जरासा वाजतो.