चार ओहम

ऐरोलीच्या सेक्टर तीनमधल्या माझ्या खोलीत
एक अँप्लिफायर आहे, सत्त्याऐंशी सालचा.
त्याच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळलाय.
रबाळ्याच्या कारखान्यात, वाइंडिंग खात्यात
आम्ही अकरा बायका. बोलायची बंदी,
बोललं की वेढा चुकतो.
हा मात्र जेवणाच्या सुट्टीतला.
सुपरवायझर देवस्थळींनी
न बघितल्यासारखं करून तांब्याची तार दिली होती.

स्पीकर परवा घेतले.
घोडबंदरला एक कुटुंब घर रिकामं करत होतं.
"वाजवतंय कोण आता, ताई," म्हणाले, स्वस्तात दिले.
रिक्षात एक मांडीवर, एक पायाशी.
विटाव्याच्या पुलाखाली गाडी अडली तेव्हा
मांडीवरच्याची पाठ वाचली:
चार ओहम.
माझ्या अँपला आठची सवय.
वाचलं, आणि न वाचल्यासारखं केलं.
देवस्थळींकडूनच शिकले असेन.

पहिली वीस मिनिटं, काय सांगू,
तबल्यावर बोट टेकायच्या आधीची हवासुद्धा ऐकू आली.

मग वास आला.
व्हार्निशचा.
अंबाडे, स्टीलचे डबे, दोनचा भोंगा,
अख्खं खातं त्या वासातून येऊन खोलीत उभं.
बंद करायला हवं होतं.
मी तशीच बसून राहिले, जरा जास्तच वेळ.

दिघ्याहून हिराजी मढवी आला.
उभा जन्म हळदीला कर्णे लावले त्याने,
आता गुडघे ऐकत नाहीत.
अँपच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,
"नंबर बारीक, भूक मोठी.
चारवाला जास्ती जेवतो, बाय.
दोघांना पोटभर घालायची याची ऐपत नाय."
आणि दोघांना एकामागे एक जोडलं,
एकाच चॅनेलवर. चार नि चार आठ.
"स्टिरिओ गेला. पन अँप जगला."

लावलं. बाई गायला लागली
आणि कुठेच नव्हती.
आवाज भिंतींवर सांडलेला, बूड नसलेला.
हिराजी कण्हत वाकला,
एकाची लाल-काळी वायर अदलाबदल केली.
"एक फुरं येत व्हता तवा दुसरा मागं जात व्हता."

आता ती उभी राहिली.
दोन खोक्यांच्या मधोमध,
जिथे फक्त कॅलेंडर आहे
आणि गॅसचं पुस्तक अडकवायचा खिळा,
नेमकी तिथून गायली.

हिराजीने चहा घेतला, पैसे घेतले नाहीत,
उरलेली वायर मात्र खिशात घातली.

उजवं चॅनेल रिकामं आहे.
त्याच्या दोन स्क्रूंवरची धूळ मी पुसते, उगाच.
रात्री झोप येईना तेव्हा
चार ओहमला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर
मनातल्या मनात गुंडाळायला घेतला.
जाड तार लागेल. बोटं तेवढी वळतील का.
तीनशे बारापर्यंत आले होते,
आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी बोललं.