डावा लागला

रबाळ्याच्या सिग्नलला एका टेम्पोवाल्याने
काचेवर बोटं वाजवून सांगितलं,
ताई, मागे उजव्या बाजूला अंधार आहे.
किती दिवस होता कुणास ठाऊक.
गाडी अकरा वर्षं माझीच,
आणि तिची पाठ मी सोडून सगळ्यांनी पाहिलेली.

तुर्भ्याच्या दुकानात बल्ब पंचेचाळीस रुपये,
बसवून देण्याचे दीडशे.
नुसता बल्ब द्या, म्हटलं.
त्याने तो कागदात गुंडाळला, माझ्या हातांकडे पाहिलं.
हे हात दिवसभर लॅबमध्ये थेंब मोजतात,
ते त्याला सांगत बसले नाही.

संध्याकाळी कोपरखैरणे. सोसायटीचं पार्किंग,
खांबावर रंगवलेला माझा फ्लॅट नंबर,
त्यातला दोन भोपींच्या गाडीने खरवडलेला.
डिकी उघडली.
दोन स्क्रू. पहिला मुकाट आला.
दुसऱ्याने गंज धरलेला.
त्याला शेंगदाण्याचं तेल पाजलं,
फोनवर मोठ्या बहिणीची गुडघेदुखी ऐकून घेतली,
तोवर तो थोडा मऊ झाला.

दिव्याचं घर ओढलं. निघेना.
आतल्या प्लास्टिकच्या खुंट्या दिसत नाहीत,
त्या फक्त कट् म्हणतात.
म्हणाल्या. मला वाटलं, मोडलं.
मोडलं नव्हतं.
लाल काचेमागे मुंग्यांचं एक अख्खं गाव
वाळून पडलं होतं.

बल्ब आधी आत दाबायचा, मग फिरवायचा.
नुसता ओढला तर हातात काच येते.
हे पूर्वीच्या पिवळ्या बल्बांनी शिकवलेलं,
स्टुलावर, चाचपडत, वीज गेलेली नसताना.

जुना कानाशी हलवला.
तुटलेली तार आत किणकिणली,
डासाने पैंजण घातले तर वाजतील तेवढीच.

नव्यात दोन तारा.
एक पाच वॅटची, मी आहे एवढंच सांगायला.
दुसरी एकवीसची, मी थांबतेय हे सांगायला.
थांबण्याला चौपटीहून जास्त लागतं
हे बल्बच्या बुडावरच कोरलेलं असतं.
त्याचे दोन दात वरखाली असतात,
म्हणून तो उलटा बसतच नाही.
मी तीनदा उलटा बसवून पाहिला.

मग खरी पंचाईत.
ब्रेक दाबायला पाय पुढे हवा
आणि बघायला डोळे मागे.
भिंत असती तर तिच्यावर लाली शोधली असती.
मागे रिकामी जागा, पाण्याचा पंप,
आणि भोपी.

चारशे दोनचे. माझ्या डोक्यावरचे.
त्यांच्या बाथरूमचं पाणी माझ्या छतातून
दोन वर्षं झिरपतंय,
आणि आमचं बोलणं तेव्हापासून लेखी,
सेक्रेटरींमार्फत, जावक क्रमांकासह.
हातात कचऱ्याची बादली. नुसते उभे.
मी आरशात त्यांना पाहिलं.
त्यांनी आरशातल्या मला.
मी काही विचारलं नाही. पाय दाबला.

बराच वेळ.

"डावा लागला."

अजून थोडा वेळ.

"उजवा नाय."

उतरले. बल्ब अर्धाच फिरला होता,
उरलेला फिरवला.
परत बसले, परत दाबला.
बादली लाल झाली, लेंगा लाल झाला,
पांढऱ्या मिशांचं एक टोक लाल झालं.
"हां. आता दोन्ही."

थँक्यू म्हणायला काच खाली केली
आणि तोंडातून आलं, प्लंबर कधी येणार?
"गुरुवारी," ते म्हणाले,
जावक क्रमांकाशिवाय.
गुरुवार कुठला ते मी विचारलं नाही.
दोन पावलं गेले, बादली या हातातून त्या हातात घेतली,
मान वळवली:

"नंबरप्लेटवरचा बी गेलाय."