बर्फावरचा रस्ता

हेल्टर्मापाशी बेटाची जमीन संपते
आणि समुद्र सुरू होतो, गोठलेला.
नारिंगी जॅकेटमधला पोरगा काचेवर टकटक करतो:
पट्टे काढा. सगळ्यांनी.
बर्फ फुटलाच, तर उडी मारता आली पाहिजे.

वाइके पट्टा काढते. मागे नात काढते.
हेल्दुरचा अंगठा लाल बटणावर नुसता ठेवलेला.

एकोणीस वर्षांपूर्वी
रस्ता कोरडा होता, डांबरी,
दुकान दोन किलोमीटरवर. फक्त पाव आणायचा होता.
"एवढ्याशासाठी कशाला बांधून घ्यायचं?"
म्हणाला तार्मो, धाकटा भाऊ,
आणि गाडी चालवणारा हेल्दुर हसला होता.
झाडीतून एक मूस आडवं आलं.
हेल्दुरच्या छातीवर पट्ट्याचा तिरका वण उठला, जांभळा.
महिनाभर टिकला.
जाऊ नये, असं वाटायचं त्याला.

तेव्हापासून अंगणातल्या अंगणात गाडी मागे घेतानाही
आधी ऐकतो: खट्. मग दुसरा. मग तिसरा.
नंतर किल्ली.

"आजोबा, मागे रांग लागलीय."
काढतो.
पट्टा सरसरत वर जातो,
आणि थंडी नेमकी तिथून शिरते, खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपी.

पंचवीस किलोमीटर कोणी बोलत नाही.
बर्फच काय तो कण्हतो, चाकांखाली.

पलीकडे माती लागते न लागते
तोच तो गाडी थांबवतो, रस्त्यातच.
मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.
खट्.
खट्.
नात मुद्दाम वेळ लावते, गालात हसत.

हेल्दुर मागे बघत नाही.
किल्लीवर हात ठेवून
कान देऊन बसतो.